छत उघडलं की पांढरा दिवा गायब: पॉन्टून बोटीवर बिमिनी आणि नेव्हिगेशन दिव्यांचं कसं जुळवायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. धक्क्याला बांधलेली असताना सगळे दिवे नीट लागतात, पण अंधार पडल्यावर समोरून आलेला बोटवाला ओरडून सांगतो की तुमचा पांढरा दिवा बंद आहे. मालक मागे वळून बघतो तर दिवा चांगला पेटलेला. मग बल्ब बदलला जातो, सॉकेट घासलं जातं, नवी एलईडी दांडी येते आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. कारण दोष विजेचा नसतोच. दिवा आणि समोरचा माणूस यांच्या मध्ये सावलीचं छत आलेलं असतं.

पॉन्टून बोटीवर हे वारंवार होतं, त्याला कारण तिची घडण. खाली दोन किंवा तीन ॲल्युमिनियमची नळकांडी, वर सपाट डेक, भोवती कठडा. ना केबिन, ना डोलकाठी. पांढरा दिवा लावायला उंच अशी जागाच नाही. म्हणून बोट बांधणारे पिछाडीला कठड्यावर किंवा डेकवर एक सॉकेट बसवतात आणि त्यात खोचायची दांडी देतात. उघड्या बोटीवर ती पुरते. पुढे कधीतरी बिमिनी, म्हणजे पाइपच्या सांगाड्यावरचं मिटतं कापडी छत, येते, बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीची, आणि तिचं कापड दांडीच्या टोकाच्या वर जाऊन बसतं. विकत घेताना दोन्ही गोष्टींचा विचार वेगवेगळा होतो आणि बोटीवर दोघांना जागा एकच हवी असते. छताची मापं ज्या कागदावर लिहाल, त्याच कागदावर दिव्याची उंचीही लिहा. हे एवढं केलं की खालच्यातल्या अर्ध्या भानगडी उभ्याच राहत नाहीत.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

बोट धक्क्याला बांधा, छत उघडं ठेवा, दिव्यांचा स्विच 'चालती'च्या जागी (बोट चालताना लावायचे सगळे दिवे) टाका आणि अंधार झाला की कोणालातरी दुसऱ्या बोटीतून साधारण ५० ते १०० मीटरवरून पूर्ण एक फेरी मारायला सांगा. धक्क्यावर उभं राहून बघणं पुरेसं नाही, कारण धक्क्यावर उभ्या माणसाची नजर छोट्या बोटीत बसलेल्या चालकाच्या नजरेपेक्षा बरीच वर असते आणि छतावरून सहज पलीकडे जाते. तो चालक बसून बघतो, म्हणून तपासणीही बसूनच करायची. आता छत मिटा आणि तीच फेरी पुन्हा मारा.

छत मिटल्यावर समोरून दिवा दिसू लागला तर दोष कापडाचा. छत मिटूनही दिसत नसेल किंवा दांडीला हात लावला की लुकलुकत असेल तर दोष विजेचा, तो भाग खाली आहे. दिवा दिसतो पण एका बाजूने मंद वाटतो, असं असेल तर दांडी सरळ उभी आहे का ते बघा. एलईडी दिव्याचा प्रकाश वर-खाली फार पसरलेला नसतो. दांडी कलली की एका बाजूला तो पाण्यात जातो आणि दुसऱ्या बाजूला आभाळात.

नियम नेमकं काय मागतात

समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम हा सगळ्याचा पाया. आतल्या जलाशयांवर स्थानिक नियम वेगळे असू शकतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांचा साचा हाच. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आणि धुकं-पावसात दृश्यता कमी झाली की दिवसाही दिवे लावायचे.

१२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, इंजिनवर चालणाऱ्या बोटीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि सगळीकडून, म्हणजे ३६० अंशांत, दिसणारा एक पांढरा दिवा इतकं पुरतं. लाल आणि हिरवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसले पाहिजेत, म्हणजे सरळ पुढून ते काटकोनाच्या २२.५ अंश मागेपर्यंत. बाजूचे दिवे किमान १ सागरी मैलावरून आणि पांढरा किमान २ सागरी मैलांवरून दिसायला हवा. पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान १ मीटर उंच हवा. आणि आपल्या प्रश्नाचं मूळ ज्यात आहे ती ओळ अशी की सगळीकडून दिसायचा दिवा कोणत्याही खांबाने किंवा बांधकामाने ६ अंशांपेक्षा जास्त झाकला जाता कामा नये. नांगर टाकल्यावरच्या दिव्याला यात सूट आहे, चालत्या बोटीला नाही.

६ अंश म्हणजे किती, याचा अंदाज सहसा येत नाही. बिमिनीचा १ इंच जाडीचा, म्हणजे अडीच सेंटिमीटरचा पाइप दिव्यापासून साधारण २४ सेंटिमीटरच्या आत आला की तो एकटाच ६ अंश खातो. सव्वा इंची चौकोनी पाइप असेल तर हे अंतर ३० सेंटिमीटरवर जातं. पिछाडीला दिव्यापासून २ मीटरवर एखादा माणूस उभा राहिला आणि त्याच्या खांद्यांची रुंदी ४५ सेंटिमीटर धरली, तर तो जवळजवळ १३ अंश झाकतो. म्हणजे सामान्य उंचीच्या माणसाच्या डोक्यावरून दिवा गेला पाहिजे, छत असो वा नसो.

एक पळवाट नेहमी पुढे केली जाते: ७ मीटरपेक्षा लहान बोटीला नुसता पांढरा दिवा चालतो. आंतरराष्ट्रीय नियमांत ती सूट आहे, पण बोटीचा कमाल वेग ७ नॉटच्या (ताशी ७ सागरी मैलांच्या) वर जात नसेल तरच. कमाल वेग म्हणजे इंजिन पूर्ण उघडल्यावर बोट जितकी धावते तो. आज आपण हळू चाललोय, हे कारण तिथे चालत नाही. मोठं आउटबोर्ड (पिछाडीला बाहेर टांगलेलं इंजिन) लावलेली पॉन्टून या सुटीत बसतच नाही.

धक्क्यावर दिसतो, चालताना दिसत नाही

ज्याने दिव्याची दांडी छतापेक्षा उंच घेतली आहे, तोही पुष्कळदा हीच तक्रार घेऊन येतो, म्हणून हे जरा आकड्यांत बघू.

समजा छत पाण्यापासून २.५ मीटर उंच आहे. दिवा छताच्या मागच्या कडेजवळ, छतापेक्षा १० सेंटिमीटर वर. छताची पुढची कड दिव्याच्या ३ मीटर पुढे. समोरच्या छोट्या बोटीतल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दीड मीटरवर धरू. दिव्यापासून निघून छताच्या पुढच्या कडेला घासून जाणारी रेषा दर ३ मीटरला १० सेंटिमीटर खाली येते. ती दीड मीटरच्या उंचीवर यायला साधारण ३३ मीटर लागतात. म्हणजे समोरचा माणूस ३३ मीटरच्या आत असेल तेव्हाच त्याला दिवा दिसणार नाही, त्यापलीकडे कुठूनही दिसेल. बांधलेल्या बोटीवर हे अगदी ठीक वाटतं.

आता थ्रॉटल द्या. बोटीचं नाक उचलतं. पॉन्टून इतर बोटींइतकी उचलत नाही हे खरं, तरी मागे माणसं बसलेली असली तर ३-४ अंश सहज. ३ अंशांनी उचलली की ३ मीटर पुढची कड दिव्याच्या तुलनेत १६ सेंटिमीटर वर येते, ४ अंशांनी २१ सेंटिमीटर. तुमची १० सेंटिमीटरची उंची संपली. छताची कड आता दिव्याच्या वर आहे आणि समोरच्या माणसाला तो कितीही दूरून दिसणार नाही. वेग कमी केला की दिवा पुन्हा हजर. मालकाला वाटतं सॉकेट हलतंय.

म्हणून ३ मीटरच्या छतावर दिवा किमान ३० सेंटिमीटर वर ठेवावा असं मी सांगतो. हा नियमातला आकडा नाही, वरच्या हिशोबातून आलेला आहे. छत जितकं लांब आणि दिवा जितका मागे, तितकी जास्त उंची. आणि शेवटची तपासणी चालत्या बोटीवर, नेहमीइतकी माणसं नेहमीच्या जागी बसवून करायची.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने

पहिला उपाय फुकटचा आहे: सूर्य मावळला की छत मिटा. सावलीचं काम संपलेलं असतं. लोक दव नको म्हणून उघडं ठेवतात, ते समजण्यासारखं आहे, पण रात्री छताशिवाय चालकाला वरचं आणि मागचंही जास्त दिसतं. मात्र छत कसं मिटता ते बघा. बिमिनी पूर्ण आडवी पाडता येते किंवा गुंडाळून मागे तिरकी उभी टेकवता येते. तिरकी उभी असताना तिची गुंडाळी बोटीच्या सगळ्या रुंदीभर आडवी असते. ती दिव्याच्या उंचीच्या रेषेत आली तर उघड्या छताइतकीच वाईट. गुंडाळी दिव्याच्या स्पष्ट वर किंवा स्पष्ट खाली असली तर हरकत नाही.

दुसरा उपाय लांब दांडी. इथे माप घेताना गोंधळ होतो. सॉकेट कठड्यावर आहे की डेकवर, हे आधी बघा. बिमिनीची उंची ती जिथे बसते तिथून, म्हणजे सहसा कठड्यापासून सांगतात. ५४ इंची बिमिनी आणि सॉकेटही कठड्यावरच असेल तर दांडी ५४ इंच अधिक वर सांगितलेले ३० सेंटिमीटर, म्हणजे १२ इंच. सॉकेट डेकवर असेल तर कठड्याची उंचीही त्यात मिळवा. इतकी लांब दांडी हलते, सॉकेटवर ताण देते आणि लाटांत पिना सैल करते. म्हणून मधे एखादी पकड हवी, कठड्याला किंवा बिमिनीच्या मागच्या पाइपला. सरकवून लांब करता येणारी दांडी ठेवायला सोयीची, पण तिचं कुलूप वापरून वापरून ढिलं होतं आणि दिवा रात्रीतून हळूच खाली उतरतो. घ्यायचीच असेल तर पिळून आवळायच्या कॉलरऐवजी भोकात बसणारी खिटी असलेली घ्या.

तिसरा उपाय म्हणजे दिवा थेट छताच्या सांगाड्यावर. रात्रीही छत उघडं ठेवणाऱ्यांसाठी माझ्या मते हाच सर्वांत चांगला, कारण दिवा आणि कापड एकत्रच वर-खाली होतात. छताच्या सगळ्यांत उंच कमानीवर, मध्यभागी, छोट्या खुंटीवर दिवा. तार पाइपच्या आतून खाली. यात तीन गोष्टी बिघडतात. बिजागरीपाशी तार घासून तुटते, म्हणून तिथे ती पाइपमधून बाहेर काढून सैल वळसा द्या आणि भोकाला रबरी कडी बसवा. छत कायमचं काढायची वेळ येते, म्हणून सांगाड्याच्या पायाशी पाणी न शिरणारा प्लग-जोड ठेवा. आणि ऋण तार स्वतंत्र न्या, ॲल्युमिनियमच्या सांगाड्यालाच ऋण करू नका, तो गंजाला आमंत्रण देतो. शिवाय छत मिटलं की हा दिवा भलतीकडे तोंड करतो, त्यामुळे जुनी दांडी बोटीत राहू द्या.

आणखी एक मार्ग फार कमी जणांना सुचतो. सगळीकडून दिसणाऱ्या एका दिव्याऐवजी मोठ्या बोटींसारखे दोन पांढरे दिवे लावायचे: पुढे २२५ अंशांचा मास्टहेड, म्हणजे समोरून आणि बाजूंनी दिसणारा, आणि मागे १३५ अंशांचा पिछाडीचा. दोन्ही मिळून ३६० होतात. मास्टहेड शक्य तितका पुढे, छताच्या पुढच्या कमानीवर लावता येतो, मागचा कठड्यावर खाली चालतो. छत मधे येण्याचा प्रश्नच मिटतो. फक्त मास्टहेड बाजूच्या दिव्यांपेक्षा १ मीटर वर हवा हे विसरू नका, आणि नांगर टाकल्यावर लावायला सगळीकडून दिसणारा दिवा वेगळा लागेल.

एक दिवा कुठेही ठेवला तरी झाकला जातोच अशी रचना असेल, तर नियम दोन सर्वदिशी दिवे लावू देतात, मात्र एका मैलावरून ते शक्यतो एकच दिसतील असे बसवलेले किंवा आड लावलेले हवेत. पॉन्टूनवर ही पाळी सहसा येत नाही.

दिवा छताखाली राहिला तर डोळ्यांवर

आखूड दांडीचा आणखी एक त्रास आहे आणि चालकाला तो आधी जाणवतो. दिवा कापडाच्या खाली असला की छताची आतली बाजू उजळते. फिकट रंगाचं कापड असेल तर चालकाच्या डोक्यावर ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं आणि पुढचं पाणी काळं पडतं. लोक यावर दिव्याला चिकटपट्टी गुंडाळतात. तसं करू नका. दिव्याची पुरेशी तीव्रता क्षितिजाच्या ५ अंश वर आणि ५ अंश खालीपर्यंत मिळालीच पाहिजे, आणि साडेसात अंशांपर्यंत त्याच्या किमान ६० टक्के. दिवा छताच्या वर नेल्यावरही चालकाच्या डोळ्यांवर येत असेल, तर दिव्याच्या बुडाशी एक लहान काळी चकती बसवता येते. ती खालच्या डेकवर पडणारा प्रकाश अडवते आणि क्षितिजाकडे जाणारा सोडते. चकती इतकी रुंद नको की साडेसात अंशांच्या आत शिरेल.

बाजूचे दिवेही झाकले जातात

पॉन्टूनच्या लाल-हिरव्याची जागा पुढच्या कोपऱ्यांत, डेकच्या कडेला किंवा कठड्याच्या पत्र्यावर असते. तिथे फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या गाद्या) लटकतात, टॉवेल वाळत पडतात, पुढच्या बाकावरचे पाय बाहेर येतात. निघण्याआधी पुढच्या दोन कोपऱ्यांवर एकदा नजर टाका, बस.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे डॉकिंग दिवे. पुढच्या बाजूचे ते दोन प्रखर पांढरे दिवे धक्क्याला लागताना काही क्षण वापरायचे असतात. ते लावून अंधारात धावणारा चालक समोरच्याला आंधळं करतो आणि शेजारीच असलेला स्वतःचा लाल-हिरवाही त्या झगझगाटात बुडवतो. डेकखालच्या रंगीत एलईडी पट्ट्यांचंही तेच. नेव्हिगेशन दिवे समजले जातील किंवा त्यांची ओळख बिघडवतील असे दुसरे दिवे लावायला नियमांची मनाई आहे. लाल-हिरव्या रंगांवर ठेवलेली शोभेची पट्टी तर सरळ खोटी माहिती देते.

आणि स्विच. इंजिन बंद करून संध्याकाळी पाण्यावर तरंगत बसलेले लोक स्विच 'नांगर'वर टाकतात. नांगर टाकलेला नाही, बोट कुठे बांधलेली नाही, रुतलेली नाही, तर ती नियमानुसार चालतीच आहे. लाल-हिरवे लागलेच पाहिजेत.

दोष खरोखर विजेचा असेल तर

बहुतेक पॉन्टूनवर तीन जागांचा स्विच असतो: मधे बंद, एकीकडे चालती, दुसरीकडे नांगर. चालतीवर तिन्ही दिवे, नांगरावर फक्त पांढरा. यावरूनच अर्धं निदान होतं. नांगरावर पांढरा लागतो आणि चालतीवर नाही, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या मागच्या जोडतारेत. लाल-हिरवे लागतात आणि पांढरा दोन्हीकडे नाही, तर दांडी, सॉकेट किंवा मागे जाणारी तार. काहीच लागत नाही, तर फ्यूज किंवा सामाईक ऋण जोड.

सॉकेट हा सगळ्यांत मोठा गुन्हेगार. दांडी काढून ठेवली की त्याचं झाकण उघडं राहतं, पाणी साचतं, पिना हिरव्या पडतात. बॅटरीची जोडणी काढा, छोट्या ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना स्वच्छ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या आणि झाकणाची रबरी कडी फाटली असेल तर बदला. पिना स्वच्छ असून दिवा लुकलुकत असेल तर सॉकेट खालून उघडा. जोड तिथे नुसत्या पिळलेल्या तारांचा सापडला तर नवल नाही. तिथे कल्हई केलेली तार आणि उष्णतेने आवळणारे क्रिंप (पक्कडीने दाबून बसवायचे) जोड वापरा.

मल्टीमीटर लावताना एक फसगत होते. दिवा न लावता सॉकेटवर व्होल्टेज मोजलं तर तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दिवा पेटलेला असताना मोजा, आणि शक्यतो जुना १० वॉटचा बल्ब लावून. तो १२ व्होल्टवर साधारण ०.८ अँपिअर घेतो आणि तारेची खरी अवस्था उघडी पाडतो. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की कुजलेल्या तारेवरही बरा चालतो, पुढे एक दिवस अचानक बंद पडेपर्यंत. बॅटरीपाशी आणि दिव्यापाशी मोजलेल्या व्होल्टेजमधला फरक ३ टक्क्यांच्या आत हवा, १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट. बोटीच्या वायरिंगच्या प्रचलित मानकांत नेव्हिगेशन दिव्यांसाठी हीच मर्यादा आहे. ऋण बाजूही अशीच तपासा, अर्धे दोष तिकडे असतात.

नवी एलईडी दांडी खोचली आणि लागलीच नाही, जुनी मात्र लागते, असं झालं तर दांडी परत पाठवण्याआधी धन-ऋण बघा. साध्या बल्बला उलटसुलट चालतं, एलईडीला नाही. सॉकेटखालच्या दोन तारा अदलाबदल केल्या की काम झालं. दोन पिनांच्या आणि तीन पिनांच्या दांड्या मात्र एकमेकींच्या जागी खपवू नका. पिनांमधलं अंतर आणि कॉलरची खाचही कंपनीगणिक वेगळी असते, तेव्हा मागवण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो काढून ठेवा.

जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब घालणं मोहाचं असतं, पण दिव्याला मिळालेली मान्यता विशिष्ट बल्बसकट असते. भिंगाच्या केंद्रात नेमका बसणारा तंतू गेला की लाल-हिरव्याची कडा पुढच्या बाजूला सरकते आणि समोरून दोन्ही रंग बऱ्याच रुंदीत एकदम दिसू लागतात किंवा मधे एक काळी फट पडते. पांढरा एलईडी हिरव्या भिंगामागे निळसर दिसतो तो वेगळाच. संपूर्ण दिवा बदला.

एलईडी लावल्यापासून व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा संपर्काचा रेडिओ) खरखरतो, ही तक्रारही हल्ली ऐकू येते. काही दिव्यांच्या आतलं सर्किट रेडिओच्या पट्ट्यात गोंगाट करतं. अमेरिकी कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. तपासणी सोपी आहे: दिवे बंद ठेवून रेडिओ शांत वाहिनीवर लावा, खरखर ऐकू येईपर्यंत स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) उघडा, मग खरखर जेमतेम थांबेल तिथे आणून ठेवा. आता एकेक दिवा लावा. ज्या दिव्याने खरखर परत आली, तो बदला किंवा अँटेनापासून दूर न्या.

छत निवडताना आणि सांभाळताना

रुंदी मोजायची ती माउंट, म्हणजे छताचे पाय धरणाऱ्या पकडी, जिथे बसणार त्या दोन जागांमधली, बोटीची बाहेरून बाहेर नाही. हे सर्वांत जास्त चुकतं. उंची उभं राहता येईल इतकी, पण त्याहून जास्त नको, कारण प्रत्येक जादा सेंटिमीटर दिव्याच्या दांडीलाही वाढवावा लागतो आणि वाराही जास्त धरतो. पॉन्टून हलकी आणि सपाट बुडाची, पाण्यात तिची पकड कमी. उघड्या छताची पॉन्टून आडव्या वाऱ्यात धक्क्याला लावणं त्रासाचं असतं. वारा वाढलेला असेल तर धक्क्याजवळ येण्याआधीच छत मिटा.

धाग्यातच रंग मुरवलेलं ॲक्रिलिक कापड उन्हात सर्वांत टिकतं, श्वास घेतं आणि लवकर वाळतं. पॉलिएस्टर स्वस्त, पण रंग आधी उडतो. व्हिनाइल पाणी पूर्ण अडवतं, मात्र खाली घाम धरतं. कापड शाबूत असून शिवण उसवायला लागली, तर तो धाग्याचा दोष. साधा पॉलिएस्टर धागा उन्हाने कापडाच्या आधी मरतो, पुन्हा शिवताना पीटीएफई (टेफ्लॉन) धागा मागा. फडफड आणि मधे साचणारं पाणी ही दोन्ही दुखणी बहुधा पट्टे ढिले पडल्याने येतात. पुढचे आणि मागचे पट्टे सारखे ओढा, तरी पाणी साचत असेल तर छत किंचित मागे उतरतं करा. बुरशी म्हणजे ओलं कापड खोळीत घातल्याची पावती. सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरतं. ॲक्रिलिकवर पातळ ब्लीच चालतं, व्हिनाइलवर आणि पॉलिएस्टरवर वापरू नका.

बिजागऱ्यांचे आणि माउंटचे स्क्रू कंपनाने ढिले होतात. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे स्क्रू घालताना दोन धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन मोसमांत ते निघणारही नाहीत.

बोट ट्रेलरवर चढवली की छत पूर्ण खाली, खोळीत आणि बांधलेलं. रस्त्यावर तिरकं उभं ठेवलेलं छत वाऱ्याने माउंट उपटतं. दिव्याची दांडी सॉकेटमधून काढा, सॉकेटवर झाकण लावा आणि दांडी कठड्याच्या आतल्या बाजूला क्लिपमध्ये ठेवा. बाकाखालच्या खणात टाकली तर नांगराच्या साखळीखाली भिंग फुटलेलं सापडेल.